तुमचे प्रश्न: दुसऱ्याच्या रक्तातला फॅक्टर पोराला द्यायचा का?

१७ एप्रिलला हिमोफिलिया दिन असतो त्यामुळे दरवर्षी या सुमाराला या विषयावरची पत्रं वाढतात, यंदा इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलून अख्खा कॉलम यालाच दिलाय. नावं छापलेली नाहीत, लांबलचक पत्रं थोडी छाटलीयत, राग नसावा. नव्या वाचकांसाठी एवढंच: हिमोफिलियात रक्त गोठवणारं एक प्रोटीन, म्हणजे फॅक्टर, जन्मतःच कमी असतं, ए मध्ये फॅक्टर आठ आणि बी मध्ये नऊ. तो बाहेरून द्यावा लागतो, एक तर लोकांच्या प्लाझ्मापासून (रक्तातला पातळ पिवळसर भाग) बनवलेला, नाहीतर रिकॉम्बिनंट, म्हणजे लोकांच्या रक्ताऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत बनवलेला.

प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. चालायला लागला तसे गुडघे सुजायचे, अंगावर काळेनिळे डाग पडायचे, आम्हाला वाटायचं पडतो म्हणून. टेस्ट केली तर फॅक्टर आठ एक टक्क्यापेक्षा कमी निघाला. नाशिकच्या सिव्हिलमध्ये फॅक्टर मिळतो पण तो प्लाझ्मावाला आहे. पुण्याचे माझे दीर म्हणतात तो लोकांच्या रक्तापासून बनवतात, एचआयव्ही होऊ शकतो, रिकॉम्बिनंटच घ्या, पैसे मी देतो. काय करू? (एक आई, सिन्नर)

ताई, दिरांच्या बोलण्यावरून सिव्हिलचा फॅक्टर थांबवला असेल तर आधी तो सुरू करा, बाकीचं नंतर निवांत वाचा.

दीर खोटं बोलत नाहीयेत, फक्त चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आजची म्हणून सांगतायत. सत्तरच्या दशकात फॅक्टरची पावडर बाजारात आली तेव्हा एकेका बॅचसाठी हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करायचे, अमेरिकेत त्यातले कितीतरी जण पैसे घेऊन प्लाझ्मा देणारे, तुरुंगातले कैदीसुद्धा, आणि व्हायरस मारायची कुठलीच सोय नव्हती, म्हणजे एका माणसाचं इन्फेक्शन अख्ख्या बॅचला. अमेरिकेत हिमोफिलियाच्या साधारण निम्म्या पेशंटना यातून एचआयव्ही झाला. ब्रिटनमध्ये हजाराच्या वर लोकांना झाला आणि तिथल्या सरकारी चौकशीचा अहवाल यायला मे २०२४ उजाडलं, त्यात लोकांपासून सत्य लपवलं गेलं हे स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे भीती वाटते म्हणणाऱ्या कुणालाही मी वेड्यात काढत नाही.

पण १९८५ च्या आसपास चित्र बदललं. एक तर पावडर तापवायला सुरुवात झाली आणि दुसरं म्हणजे न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये शोधलेली सॉल्व्हंट-डिटर्जंट पद्धत आली. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तिघांवरही चरबीचं आवरण असतं, भांड्याचा तेलकटपणा साबणाने निघतो तसं ते आवरण यात निघून जातं आणि आवरण गेलं की व्हायरस कामातून गेला. फॅक्टर हे प्रोटीन, त्याला असलं आवरणच नाही, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. आता तर आधी रक्तदात्याची तपासणी, मग जमा केलेल्या प्लाझ्माची तपासणी, मग ही पद्धत, आणि त्यावर बऱ्याच कंपन्या पावडर ८० डिग्रीला ७२ तास ठेवतात किंवा अतिशय बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळतात. एखादी पायरी कमी पडली तरी पुढची असते. अमेरिकेत ऐंशीचं दशक संपल्यापासून फॅक्टरमुळे एचआयव्ही झाल्याची एकही नोंद नाही.

शंभर टक्के सेफ का असं विचाराल तर तसं मी म्हणणार नाही. हिपॅटायटिस ए आणि पार्व्हो बी१९ या व्हायरसना ते आवरण नसतं, त्यांच्यासाठी तापवणं आणि फिल्टर आहेत, पण पार्व्हो चिवट आहे. म्हणून मुलाला हिपॅटायटिस ए आणि बी दोन्हीच्या लसी द्यायच्याच. कुठलीही लस देताना सिस्टरना आधी सांगा याला हिमोफिलिया आहे, सगळ्यात बारीक सुई वापरायची आणि नंतर चोळायचं नाही, दहा मिनिटं नुसतं दाबून धरायचं.

आता दिरांना कदाचित माहीत नसलेली गोष्ट. हिमोफिलियाच्या पोरांमध्ये आजच्या घडीला मला जास्त भीती वाटते ती इनहिबिटरची. बाहेरून दिलेला फॅक्टर शरीराला परका वाटतो, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि मग कितीही फॅक्टर द्या, चालत नाही. सीव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये (फॅक्टर एक टक्क्याच्या खाली असला की सीव्हिअर) हे साधारण दहातल्या तिघांना होतं आणि बहुतेक वेळा पहिल्या वीसेक डोसांतच होतं. २०१६ मध्ये सिप्पेट नावाचा मोठा अभ्यास छापून आला, तुमच्या मुलासारखीच लहान, आधी फॅक्टर न घेतलेली अडीचशे पोरं, त्यात भारतातलीही होती. प्लाझ्मावाला फॅक्टर घेतलेल्यांत इनहिबिटर सुमारे २७ टक्क्यांना आले, रिकॉम्बिनंट घेतलेल्यांत ४४-४५ टक्क्यांना. प्लाझ्मावाल्यात फॅक्टर आठच्या सोबत व्हॉन विलेब्रांड फॅक्टर हे रक्त गोठायला लागणारं दुसरं प्रोटीनही असतं, ते त्याला थोडं झाकून ठेवतं असं एक मत आहे. या अभ्यासावर वादही झाले, हे सगळ्या रिकॉम्बिनंट ब्रँडना लागू होतं का यावर डॉक्टरांत एकमत नाही, पण प्लाझ्मावाला म्हणजे गरिबाचा, दोन नंबरचा माल ही जी समजूत आहे ना, ती मात्र साफ चुकीची.

रिकॉम्बिनंटलाही माझा विरोध नाही, नियमित आणि कायम मिळत असेल तर खुशाल घ्या. पण दिरांच्या पैशावर तीन महिने चालवायचं आणि मग हात आखडला की पोराचे डोस चुकवायचे, यापेक्षा सिव्हिलमधला न चुकता मिळणारा बरा. उद्या जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: इनहिबिटरची टेस्ट कधी करायची, आणि रक्तस्राव व्हायची वाट न बघता ठरलेल्या दिवशी फॅक्टर देतात तो प्रोफायलॅक्सिस याला सुरू करता येईल का. १२ किलोच्या मुलाला आठवड्यातून दोनदा २५० युनिटची एकेक व्हायल (बाटली) जरी मिळाली तरी गुडघे वाचतात. दिरांना सांगा, पैसे द्यायचेच असतील तर येण्याजाण्याचे आणि फिजिओथेरपीचे द्या.

प्रश्न: वय ३४, वजन ६०, हिमोफिलिया ए सीव्हिअर. लहानपणी एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) आणि क्रायोवर (त्यातून काढलेला फॅक्टरचा गाळ) काढलं, डावा गुडघा पूर्ण वाकत नाही. मागच्या महिन्यात उजव्यात ब्लीड झालं, जवळच्या सरकारी दवाखान्यात जाईपर्यंत संध्याकाळ झाली, त्यांनी ५०० युनिटची एक व्हायल दिली, सूज उतरली नाही, दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. भाऊ म्हणतो प्लाझ्मावाला आहे म्हणून वीक आहे. खरं का? (वाचक, कराडजवळ)

दादा, माल वीक नव्हता, डोस कमी पडला आणि उशीर झाला.

बाटलीवर जे युनिट लिहिलेले असतात ते दोन्ही प्रकारच्या फॅक्टरमध्ये एकच माप. एक युनिट म्हणजे निरोगी माणसाच्या एक मिली प्लाझ्मामध्ये जेवढा फॅक्टर असतो तेवढा. किलोला एक युनिट फॅक्टर आठ दिला की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी चढते. तुमची पातळी सांध्यातल्या ब्लीडसाठी ४० टक्क्यांवर न्यायची तर ६० गुणिले ४० भागिले २, म्हणजे १२०० युनिट. ५०० मध्ये तुम्ही जेमतेम १६-१७ टक्क्यांवर पोचलात. आणि फॅक्टर आठ ८ ते १२ तासांत निम्मा होतो, म्हणजे सकाळपर्यंत काय उरलं असेल बघा. आपल्याकडे पुरवठा कमी म्हणून कमी डोसात भागवायची पद्धत आहे, हलक्या ब्लीडला आणि लवकर दिला तर १०-२० टक्क्यांवरही काम होतं, हे मी स्वतः बघते. पण संध्याकाळपर्यंत सांधा भरून टणक झाल्यावर तेवढ्यात होत नाही. हा हिशोब एका कागदावर लिहून खिशात ठेवा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना नम्रपणे दाखवा, बरेचदा ते नवे असतात आणि त्यांनी हिमोफिलियाचा पेशंट फक्त पुस्तकात बघितलेला असतो.

वेळेचं म्हणाल तर दोन तासांच्या आत, सूज दिसायची वाट बघायची नाही. आत काहीतरी चुरचुरतंय, गरम लागतंय हे तुम्हाला डॉक्टरच्या आधी कळतं, तीच वेळ. म्हणून घरी दोन व्हायल असणं आणि स्वतः शिरेत टोचून घेता येणं याला दुसरा पर्याय नाही, साताऱ्याच्या सिव्हिलला डे-केअर सेंटर आहे तिथे शिकवा म्हणा आणि घरी ठेवायला व्हायल मिळतील का विचारा. फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायच्या, फ्रीझरमध्ये अजिबात नाही. लाइट गेली म्हणून घाबरू नका, बरेच ब्रँड काही महिने साध्या तापमानाला चालतात पण कुठला किती डिग्रीपर्यंत हे खोक्यावर बघा, आणि एकदा बाहेर काढून ठेवलेली व्हायल बऱ्याचदा परत फ्रिजमध्ये टाकायची नसते हेही तिथेच लिहिलेलं असतं. पाणी घातल्यावर बाटली जोरात हलवायची नाही, फेस येतो, हातात हळू फिरवायची, विरघळलं की लगेच घ्यायचं. बॅच नंबरचा स्टिकर वहीत चिकटवा.

लहानपणीचा क्रायो म्हणजे तुमच्या पिढीचा मोठा आधार होता. स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांनी साठच्या दशकात शोधून काढलं की गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला तर तळाशी जो गाळ राहतो त्यात फॅक्टर आठ भरपूर असतो. पण ब्लड बँकेतल्या नेहमीच्या क्रायोमध्ये आणि एफएफपीमध्ये व्हायरस मारायची पायरी नसते. तुम्ही त्या काळात बरंच घेतलंय तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची टेस्ट एकदा करून घ्या, आधी केली नसेल तर. हिपॅटायटिस सी आता तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात हिमोफिलिया आहे, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा, एसटी आणि रेल्वेच्या सवलतीचीही चौकशी करा.

प्रश्न: मी नियमित रक्तदान करतो. आमच्या रक्तातला प्लाझ्मा कंपनीला विकतात असं ऐकलं, हे बरोबर आहे का? (वाचक, डोंबिवली)

ब्लड बँकेत तुमच्या पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे करतात. लाल पेशींना मागणी जास्त, प्लाझ्मा उरतो, आणि उरलेला प्लाझ्मा फ्रॅक्शनेशनच्या, म्हणजे त्यातली प्रोटीनं वेगळी काढणाऱ्या, कारखान्याला देतात, त्याचे पैसे घेतात, हे खरं आहे आणि नियमात बसतं. आपल्याजवळ नवी मुंबईत असा कारखाना आहे, अहमदाबादला आहे. त्यातून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि फॅक्टर निघतो. एक लिटर प्लाझ्मातून हाताला लागतो साधारण १५० ते २०० युनिट फॅक्टर आठ, बाकीचा प्रक्रियेत जातो, म्हणजे ५०० च्या एका व्हायलमागे अडीच-तीन लिटर प्लाझ्मा, तुमच्यासारख्या बारा-पंधरा जणांचं रक्तदान. पैशाचा हिशोब लोकांपुढे उघडा असावा हे माझंही मत, पण तो प्लाझ्मा गटारात जाण्यापेक्षा हे हजारपट चांगलं. दान करत राहा काका, आणि तो फॉर्म भरताना खरं लिहा, पहिली चाळणी तीच आहे.

प्रश्न: वय १९. पाळी आली की आठ-नऊ दिवस जाते, हिमोग्लोबिन ७ झालेलं. व्हॉन विलेब्रांड डिसीज निघाला. डॉक्टर म्हणाले कधी ऑपरेशन लागलं तर फॅक्टर आठ द्यावा लागेल. पण हिमोफिलिया तर मुलांना होतो ना? मला कुठला फॅक्टर? (अमरावती जिल्हा)

तुझा आजार वेगळा आहे, तो मुलगा-मुलगी बघत नाही, आणि वारशाने येणाऱ्या रक्तस्रावाच्या आजारांत सगळ्यात जास्त आढळतो तो हाच. मुलींचा मात्र उशिरा कळतो, कारण घरात आईची, मावशीची पाळीही तशीच असते आणि सगळ्यांना ते नॉर्मल वाटतं. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी १९२६ मध्ये याच्यावर पहिल्यांदा लिहिलं ते ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबावरून, त्यातली योर्डिस नावाची मुलगी पाच वर्षांची असताना त्यांनी तपासली होती आणि पुढे चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात ती गेली. तुला घाबरवायला सांगत नाहीये, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आता औषधं आहेत. पण पाळीच तर आहे म्हणून कुणी उडवून लावलं तर ऐकून घेऊ नकोस.

तुझ्या शरीरात कमी आहे तो व्हॉन विलेब्रांड फॅक्टर. नेहमीच्या रिकॉम्बिनंट फॅक्टर आठमध्ये तो नसतो, म्हणून तुझ्यासाठी ती महागडी बाटली कामाची नाही. तुला प्लाझ्मापासून बनवलेलाच लागणार, आणि त्यातलाही ज्याच्या खोक्यावर व्हॉन विलेब्रांडचे युनिट वेगळे छापलेत तो, कारण काही प्लाझ्मावाले इतके शुद्ध करतात की त्यातून हा निघून जातो. हे ऑपरेशन किंवा बाळंतपण यांच्या आधी विचारून ठेवायचं, ऐन वेळी अमरावतीत शोधत बसायला नको. रोजच्यासाठी फॅक्टर लागेलच असं नाही: पाळीत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या (रक्तस्राव कमी करणाऱ्या) गोळ्या, गायनॅकच्या सल्ल्याने हार्मोनच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या काही महिने. डेस्मोप्रेसिनही असतं, शरीरात साठलेला फॅक्टर रक्तात सोडायला लावणारं औषध, पण ते तुझा टाइप कुठला त्यावर आहे, टाइप ३ ला ते चालत नाही, २बी ला सहसा देत नाहीत. रिपोर्टवर टाइप लिहिला नसेल तर ती टेस्ट आधी पूर्ण कर.

प्रश्न: महिन्याला एक इंजेक्शन निघालंय म्हणे, कातडीखाली घ्यायचं. मग फॅक्टरची कटकट कशाला? आणि माझ्या भाच्याला हिमोफिलिया बी आहे, त्याला चालेल का? (वाचक, सोलापूर)

एमिसिझुमॅब. चांगलं औषध आहे, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी घेता येतं, इनहिबिटर असले तरी चालतं, ज्या पोरांना ते मिळालं त्यांची शाळा बुडायची थांबली. पण ते ब्लीड होऊ नये म्हणून आहे, झालेलं थांबवायला नाही. अपघात झाला, अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, तर फॅक्टर लागतोच, त्यामुळे घरातल्या व्हायल टाकून देऊ नका. ज्यांना इनहिबिटर आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, फेइबा नावाचं प्लाझ्मापासूनच बनणारं औषध याच्यासोबत मोठ्या डोसात दिलं तर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात, म्हणून हे इंजेक्शन चालू आहे अशी चिठ्ठी पाकिटात हवी. दर परवडण्यासारखा नाही, तुम्ही जाता त्या उपचार केंद्रात सरकारकडून मिळतंय का ते विचारा.

भाच्याला चालणार नाही. हे फॅक्टर आठचं काम करतं, त्याचा नऊ कमी आहे. त्याला क्रायोही देऊ नका, त्यात नऊ नसतो, हा घोळ मी अजून बघते. त्याला फॅक्टर नऊच, प्लाझ्मावाला किंवा रिकॉम्बिनंट. त्याचा हिशोबही वेगळा, किलोला एक युनिट दिला की एकच टक्का चढतो, म्हणजे युनिट दुप्पट, पण निम्मा व्हायला १८ ते २४ तास लागतात. सुरुवातीचे दहा-वीस डोस दवाखान्यातच घ्या, बी मध्ये इनहिबिटर कमी जणांना होतात पण ज्यांना होतात त्यांना कधीकधी जोरदार रिॲक्शन येते. आणि भाच्याच्या बहिणीचं लग्नाचं वय झालं असेल तर ती कॅरिअर आहे का, म्हणजे आजाराचं जनुक तिच्याकडे आहे आणि तिच्या मुलांत जाऊ शकतं का, ते आधी बघून घ्या, मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, तिथे जनुकाची तपासणी होते. सोलापूरहून एक खेप पडेल. लग्न मोडायला नको, बाळंतपणाच्या वेळी तयारी असावी म्हणून. आणि तिचा स्वतःचा फॅक्टरही मोजून घ्या, कॅरिअर मुलींचाही कमी निघतो कधीकधी.

प्रश्न: माझ्या वर्गात हिमोफिलियाचा मुलगा आहे, तिसरीत. परवा पटांगणात डोक्यावर पडला, टेंगूळ आलं, तो हसत होता म्हणून आम्ही बर्फ लावून बसवलं. बरोबर केलं का? (प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा)

बर्फ लावला ते ठीक, बसवून ठेवलं ते नको होतं बाई. डोक्याला मार म्हणजे पोरगं हसत असलं तरी लगेच घरच्यांना फोन आणि थेट फॅक्टर मिळेल तिथे. आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन, स्कॅनच्या रांगेत उभं राहून वेळ घालवायचा नाही. पोट दुखतंय म्हणाला, मान किंवा घसा सुजला, तरी हेच. दुखतंय म्हणून गोळी द्यायची तर पॅरासिटामॉल, बाकी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं काही नाही, आणि कंबरेत इंजेक्शन तर कुणालाच देऊ देऊ नका. तोंडातून किंवा दात पडताना रक्त आलं तर स्वच्छ कापड चावून धरायला लावा. नाकातून आलं तर मान पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. आईकडून तीन गोष्टी एका कागदावर लिहून घ्या आणि ऑफिसात लावा: ए की बी, फॅक्टर कुठे मिळतो, फोन कुणाला करायचा.

खेळायला सोडा त्याला. पोहणं, सायकल, बॅडमिंटन चालतं, त्याने स्नायू घट्ट होतात आणि सांधे सांभाळले जातात. कबड्डी आणि खो-खोच्या वेळी त्याच्या हातात शिट्टी द्या.